केस गळतात : आधी कारण, मग औषध

संत्र्याच्या फळगळीविषयी या पानावर आपण नेहमी वाचता. या खेपेस डोक्यावरच्या गळतीचा विषय घेत आहोत.

विषय वरवर थट्टेचा वाटतो. टक्कल म्हटले की पारावर विनोद सुरू होतात. परंतु मिस्सेनंतर बोलायला थांबणाऱ्या माताभगिनींकडून व लग्नाच्या वयाच्या मुलामुलींकडून आम्ही जे ऐकतो, त्यात थट्टेला जागा नसते. बाळंतपणानंतर केसांचे पुंजके हाती येतात म्हणून एखादी सून घाबरून जाते. कापूस वेचून मिळालेल्या मजुरीतून कोणी महिन्यामागून महिना तेलाच्या बाटल्या आणतो. एखादा तरुण टोपी घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. पैसा जातो, मन खचते, आणि कित्येकदा केसांच्या आड लपलेला खरा आजार तसाच राहून जातो.

म्हणून कोणते उपाय वैद्यकशास्त्राने तपासून पाहिले आहेत, ते कोणाला लागू पडतात आणि कोणाला नाही, हे आज क्रमाने समजून घेऊ. डॉक्टरांची जागा घेण्याचा आमचा हेतू नाही. डॉक्टरांकडे कधी जावे आणि बाजारात पैसा कधी घालू नये, एवढे कळले तरी या धड्याचे काम झाले.

शेगाव तालुक्याने काय शिकवले

डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 या काळात बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात एक विलक्षण गोष्ट घडली. बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांची डोकी खाजू लागली, मग केस हातात येऊ लागले, आणि तीन-चार दिवसांत कित्येकांना टक्कल पडले. पुरुष, स्त्रिया, शाळकरी मुले, सगळ्यांत हे दिसले. 18 गावांतील 279 जणांना त्रास झाल्याचा आकडा वर्तमानपत्रांतून आला. कित्येकांनी लाजेने उरलेले केसही काढून टाकले. मुलामुलींची शाळा-कॉलेजे बुडाली, ठरत आलेली लग्ने मोडल्याच्या बातम्या आल्या.

प्रथम संशय पाण्यावर गेला. तपासणीत काही ठिकाणी नायट्रेट आणि क्षार जास्त आढळले. मग बुरशीची चर्चा झाली. कोणी शाम्पूला दोष दिला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले, आणि रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नावाचे द्रव्य वाढलेले आढळले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हेही या गावांत गेले. विंचूदंशावरील उपचाराच्या संशोधनासाठी ते जगभर ओळखले जातात व 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी लोकांच्या घरातला रेशनचा गहू प्रयोगशाळेत पाठवला. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी निष्कर्ष सांगितला, तो असा : त्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम होते. गहू धुतल्यावरही ते 13.61 राहिले. तुलनेसाठी त्यांनी नेहमीचे प्रमाण 1.9 मिलिग्रॅम धरले होते. हा गहू पंजाबातून आलेला होता, असे त्यांनी सांगितले. रुग्णांच्या शरीरात जस्त कमी असल्याचेही त्यांना आढळले.

सेलेनियम हे मुळात विष नव्हे. ते भाजीतल्या मिठासारखे आहे : चिमूटभर हवेच, मूठभर झाले की घात. माणसाला दिवसाला 40 ते 55 मायक्रोग्रॅम पुरतात, आणि मोठ्या माणसाने 400 मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडू नये असे शास्त्रज्ञ सांगतात. आता हिशेब करून पाहा. दिवसाकाठी 300 ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात त्या गव्हातून 4,300 मायक्रोग्रॅमहून अधिक सेलेनियम जाईल. म्हणजे मर्यादेच्या दहापटीहून जास्त.

असे जगात पूर्वीही घडले आहे. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात 1961 ते 1964 या वर्षांत जमिनीतले सेलेनियम पिकांत उतरले आणि गावेच्या गावे केस व नखे गमावून बसली. अमेरिकेत 2008 मध्ये ताकदीचे म्हणून विकल्या जाणाऱ्या एका पेयात कारखान्याच्या चुकीने सेलेनियम सुमारे 200 पट पडले आणि 201 लोक आजारी झाले. त्यांच्यातही केसगळती हे मोठे लक्षण होते. शेगाव तालुक्यातही एप्रिल 2025 मध्ये काही जणांची नखे खराब होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या. केसांमागून नखे जाणे, ही सेलेनियमच्या विषबाधेची ओळखीची खूण आहे.

आता या घटनेतून धडा कोणता घ्यायचा? लोधीखेड्यात कोणी घाबरून रेशनचा गहू फेकून देऊ नये. एकट्यादुकट्याच्या केसगळतीचे कारण सहसा गव्हात नसते. धडा असा की, त्या लोकांनी उत्तमातले उत्तम तेल चोपडले असते तरी एक केस वाचला नसता, कारण रोग डोक्यावर नव्हताच. तो शरीराच्या आत होता. विषारी द्रव्य पोटात जाणे थांबल्यावर काही आठवड्यांत पुष्कळांचे केस पुन्हा उगवू लागले. कारण हटले की केस आपोआप येतात, आणि कारण कायम असेल तर औषध पाण्यात जाते.

गावासाठी एक सूचना मात्र लिहून ठेवा. एकाच आठवड्यात चार-पाच घरांतील माणसांचे केस झपाट्याने जाऊ लागले, तर ते घरचे दुखणे समजू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा, खात असलेल्या धान्याचा व पाण्याचा थोडा नमुना झाकून बाजूला ठेवा, आणि तपासणी होईपर्यंत दुसरीकडचे धान्य वापरा. जनावरांकडेही लक्ष द्या. पंजाबच्या होशियारपूर व नवांशहर भागांत काही जमिनींत सेलेनियम फार आहे. तेथे गाई-म्हशींच्या शेपटीचे केस झडतात, खुरे व शिंगे तडकतात, हे तेथील कृषी विद्यापीठाने अभ्यासले आहे. मुक्या जनावराची खूण शेतकऱ्याच्या नजरेला आधी दिसते.

केस वाढतो कसा

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचा आपला हंगाम असतो. दोन ते सहा वर्षे तो वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो नुसता बसून राहतो, आणि शेवटी गळतो. त्याच मुळातून दुसरा केस फुटतो. शंभरातले 85 ते 90 केस वाढीत असतात, बाकीचे विश्रांतीत. त्यामुळे दिवसाला 50 ते 100 केस गळणे हे नैसर्गिक आहे. फणीत अडकलेले केस मोजून कोणी झोप घालवू नये.

भांग रुंद दिसू लागला, टाळू दिसू लागली, एखादा चट्टा उघडा पडला, किंवा हात फिरवताच पुंजका येऊ लागला, तर मात्र कारण शोधावे. मुख्य कारणे व त्यांचे उपाय आता एकेक करून पाहू.

1. ताणानंतरची गळती

आपले संत्रा बागाईतदार ही गोष्ट चटकन समजतील. आंबिया बहारासाठी थंडीत आणि मृग बहारासाठी उन्हाळ्यात आपण बागेचे पाणी तोडतो. बागेला ताण बसला की पाने मलूल होतात, पिवळी पडून गळतात. पाणी सोडले की नवती फुटते. झाड मेलेले नसते, त्याने आपले काम थांबवलेले असते.

शरीराचेही तसेच आहे. टायफॉइड, डेंग्यू, मलेरिया, कोविड यांसारखा मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, एकाएकी खाणे तोडून वजन उतरवणे, घरात कोणी जाण्याचे दुःख, यांपैकी काही घडले की पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. फरक एवढाच की ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी गळतात. तोवर माणूस ताप विसरलेला असतो, आणि दोष नव्या साबणाला किंवा बोअरच्या पाण्याला देतो. म्हणून केस गळू लागले की तीन महिने मागे जाऊन आठवा : काय झाले होते?

या गळतीला औषध लागत नाही. कारण संपले असेल तर साधारण सहा महिन्यांत ती थांबते आणि केस भरून येतात. लांब केसांना पूर्वीची लांबी यायला अर्थातच जास्त दिवस लागतात. बाळंतिणीला पोटभर जेवण, झोप आणि धीर द्यावा, तेच तिचे औषध. बाजारातले अनेक तेलवाले याच गळतीवर श्रीमंत होतात. केस आपोआप येणारच असतात, आणि श्रेय बाटलीला मिळते.

कर्करोगाच्या काही औषधांनीही केस जातात, पण उपचार संपल्यावर बहुतेकांचे ते परत येतात. केस जातील या भीतीने कोणी कर्करोगाचा उपचार टाळू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

2. रक्त कमी असणे आणि थायरॉइड

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019 ते 2021 या काळात देशातील 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 57 जणींच्या अंगात रक्त कमी होते. शरीरात लोह कमी पडले की ते आधी जिवाच्या कामाला लावले जाते, केसांचा क्रम शेवटी येतो. तेव्हा केस गळणाऱ्या बाईने धाप लागणे, चक्कर, थकवा, पाळीत फार रक्त जाणे याकडेही पाहिले पाहिजे. केस ही तिची तक्रार असते, पण रोग रक्तात असतो.

हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते 12 च्या खाली असू नये. जवळ सोय असेल तर फेरिटिन या तपासणीने साठ्यातले लोह किती, हेही कळते. लोह कमी निघाले तर गोळ्या नेमाने घ्याव्यात, हिमोग्लोबिन भरल्यावरही सुमारे तीन महिने, म्हणजे साठा भरतो. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये. लिंबूपाणी किंवा आपल्या वावरातले संत्रे सोबत असले तर लोह अंगी लागते. शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरून गोळ्या बंद करू नयेत. मात्र रक्त कमी नसताना केसांसाठी म्हणून लोहाच्या गोळ्या खाऊ नयेत. पुरुषाचे किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचे रक्त कमी निघाले, तर रक्त जाते कोठे, हे डॉक्टरांनी शोधलेच पाहिजे.

वजन वाढते, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होते, अंग जड वाटते, आणि केसही गळतात, अशी तक्रार असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करावी. दोष निघाला तर त्याची गोळी स्वस्त आहे, आणि ती घेतल्याने केसांबरोबर सारे शरीर सुधारते.

आहारात रोज डाळ, हरभरा, शेंगदाणे, जमेल तसे अंडे, दूध किंवा मासे असावेत. ज्वारी, तीळ आणि हिरवी भाजी यांना आपल्या भागात तोटा नाही. केस हा प्रथिनांचाच बनतो. उपवासकाळात तप करताना गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि आजारी स्त्रियांनी पोट मारू नये. अशांना उपवासाची सक्ती आई चर्चनेच ठेवलेली नाही.

3. वंशपरंपरेचे टक्कल

सर्वांत अधिक आढळणारा प्रकार हा. पुरुषांत कपाळाचे कोपरे मागे सरकतात व टाळू उघडी पडते, स्त्रियांत भांग रुंद होत जातो. गळती एकदम होत नाही. दरवर्षी केस थोडा बारीक, थोडा आखूड उगवतो. वारसा आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून येतो. केवळ मामाला पाहून भविष्य सांगणे खरे नव्हे.

याचे कारण शोधायला शास्त्राला वेळ लागला. 1942 मध्ये अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवले की, तारुण्यापूर्वी ज्यांच्या वृषणांचे कार्य गेले होते, अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. पुढे 1974 मध्ये डोमिनिकन रिपब्लिक देशातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या शरीरात पुरुषी संप्रेरकाचे एक तीव्र रूप जन्मतःच फार कमी बनत होते, आणि त्या पुरुषांना टक्कल नव्हते. याच धाग्यावरून पुढे औषध निघाले. या प्रकारात ज्यांच्या परिणामाचा भरपूर पुरावा आहे, अशी औषधे मुख्यतः दोन.

पहिले, मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचे डोक्याला लावण्याचे द्रावण केले गेले. अमेरिकेत 1988 मध्ये पुरुषांसाठी आणि 1991 मध्ये स्त्रियांसाठी त्याला मान्यता मिळाली. पुरुष सहसा 5 टक्क्यांचे एक मिलिलिटर दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर लावतात. स्त्रियांसाठी 2 टक्क्यांचे द्रावण असते, किंवा 5 टक्क्यांचा फेस दिवसातून एकदा. पहिल्या काही आठवड्यांत गळती थोडी वाढल्यासारखी वाटते, पण ते जुने केस नव्यांना जागा देत असतात. तेथेच सोडून देऊ नये. चार महिन्यांपूर्वी गुण दिसत नाही, आणि खरा निकाल वर्षाने लावावा. सोडले की तीन-चार महिन्यांत मिळालेले केस जातात. म्हणून महिन्याचा खर्च कायम झेपेल का, हा विचार आधी करा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते वापरू नये. छातीत धडधड, चक्कर किंवा पायावर सूज आली तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. पोटात गेल्यास रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो.

दुसरे, फिनास्टेराइडची 1 मिलिग्रॅमची गोळी. ही पुरुषांसाठी असून अमेरिकेत 1997 मध्ये मान्य झाली. ती घेणाऱ्या बहुतेकांची गळती थांबते, काहींचे केस दाट होतात. परंतु शंभरातल्या एक-दोघांची कामेच्छा किंवा शक्ती कमी होते, काहींचे मन उदास होते. जीव देण्याचे विचार येणे हाही तिचा एक दुष्परिणाम असल्याचे युरोपच्या औषध संस्थेने 2025 मध्ये स्पष्ट केले. तेव्हा ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून नव्हे, तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी. पूर्वी मनाचा आजार झाला असेल तर तो सांगावा, आणि मन खिन्न होऊ लागले तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांना गाठावे. ही गोळी घेणाऱ्याच्या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा निम्म्यावर येतो, तोही डॉक्टरांना सांगावा. गरोदर स्त्रीने तुटलेल्या गोळीला हातही लावू नये, गर्भातील मुलग्याला अपाय होऊ शकतो.

दोन्ही औषधे असलेले केस राखण्यात अधिक उपयोगी आहेत. गुळगुळीत झालेल्या टाळूवर ती रान उगवू शकत नाहीत. तेथे केसरोपण हाच मार्ग उरतो. त्यासाठी मागच्या बाजूचे केस काढून पुढे लावतात. ही शस्त्रक्रिया आहे, केशकर्तनालयातले काम नव्हे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये, ती प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावी अशा सूचना काढल्या. स्वस्तात होते म्हणून कोठेही डोके पुढे करू नका.

4. चाई

डोक्यात किंवा दाढीत रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडतो, ती चाई. किडा केस खातो अशी समजूत आहे. तेथे किडा नसतो. शरीराचे रक्षण करणारी व्यवस्थाच चुकून केसांच्या मुळांवर उलटते. ती संसर्गाने पसरत नाही. एक-दोन लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरतात. लवकर हवे असेल तर त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्यात स्टिरॉइडची बारीक इंजेक्शने देतात, हा रूढ उपाय आहे. डोके सारेच उघडे पडणाऱ्या मोठ्या चाईसाठी बॅरिसिटिनिब ही गोळी 2022 मध्ये अमेरिकेत मान्य झाली. ती महाग आहे आणि रक्ततपासण्या करीतच द्यावी लागते.

चाईवर कांद्याचा रस लावण्याची चाल आहे. 2002 मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी त्याची एक लहान चाचणी प्रसिद्ध केली आणि गुण आल्याचे सांगितले. पण आपोआप भरणाऱ्या रोगात एका लहान चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. कांदा निदान निरुपद्रवी आहे, फार तर कातडी चुरचुरेल. गुंजेचे बी वाटून लावणे मात्र कटाक्षाने टाळा. गुंजेत भयंकर विष असते, आणि मुलांच्या घरात ती असूच नये.

5. मुलांच्या डोक्यातील गजकर्ण

मुलाच्या डोक्यात कोंड्यासारखे पापुद्रे, खाज, आणि मुळाशी तुटलेले केस दिसले तर ते बुरशीचे काम असते. येथे नुसते मलम चालत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात उतरलेली असते. डॉक्टर ग्रिझिओफुल्विन किंवा टर्बिनाफिन हे औषध पोटात, काही आठवडे देतात. ते पुरे करावे. फणी, टॉवेल, टोपी वेगळी ठेवावी, भावंडांचीही डोकी पाहावीत. औषधाच्या दुकानातून मागून आणलेले स्टिरॉइडचे मलम लावले तर खाज थांबते आणि बुरशी फोफावते. पू होऊन डोके सुजले तर उशीर करू नका. तेथे व्रण पडला की केस कायमचे जातात.

6. घट्ट वेण्या

शाळेसाठी मुलींच्या वेण्या इतक्या ओढून घातल्या जातात की कपाळाची कातडी ताणली जाते. वर्षानुवर्षे असे झाले की कानांवरचे आणि कपाळाकडचे केस विरळ होतात, आणि फार काळ चालले तर परत येत नाहीत. याचा उपाय फुकट आहे : वेणी सैल घाला. आश्रमशाळा व वसतिगृहे चालवणाऱ्या भगिनींनी याकडे लक्ष द्यावे.

पैसा कोठे घालू नये

तेल लावण्याला आमचा विरोध नाही. तेलाने केस मऊ राहतो, तुटणे कमी होते, आणि आजीच्या हाताने डोक्याला तेल लागले की मनालाही बरे वाटते. पण तेलाने टकलावर केस उगवतो, याला भक्कम पुरावा नाही. बायोटिनच्या गोळ्यांचेही तेच. ज्याच्या शरीरात बायोटिन कमी नाही, त्याला त्यांचा उपयोग दिसलेला नाही. उलट त्या घेतल्याने थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये दिला. रक्त देण्यापूर्वी अशी गोळी चालू असेल तर सांगावे. केसांच्या म्हणून मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांत सेलेनियम आहे का, तेही वाचून घ्यावे.

मार्च 2025 मध्ये पंजाबातील संगरूर येथे टक्कल घालवण्याच्या एका शिबिरात लोकांच्या डोक्याला औषध चोळले गेले, आणि पासष्टहून अधिक जण डोळे सुजून, जळजळत रुग्णालयात गेले. केस आले नाहीत, डोळ्यांवर मात्र संकट आले.

आपला कायदा याबाबत स्पष्ट आहे. 1945 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट जे मध्ये काही विकारांची यादी आहे. त्यांना आपले औषध बरे करते, असा दावा औषधविक्रेत्याला करता येत नाही. त्या यादीत टक्कल आहे, आणि नवे केस उगवणेही आहे. तेव्हा ‘खात्रीने केस आणतो’ असे जो सांगतो, त्याच्याकडून काही न घेता पुढे जाणे बरे.

टक्कल हा डाग नव्हे

शेगाव तालुक्यातील मुलींची लग्ने मोडली, ती रोगाने नव्हे, आपल्या समजुतीने. येथे पवित्र शास्त्राचा एक निर्वाळा ध्यानात घ्यावा. लेवीय या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात कातडीच्या रोगांची पारख याजकावर सोपवलेली आहे. त्या काळी शुद्ध-अशुद्ध ठरवण्याचे नियम कडक होते. तरीही ज्याचे केस नुसते गळले आहेत, तो शुद्धच आहे, असा तेथे निर्णय आहे. टकलावर व्रण किंवा चट्टा उठला असेल तरच तपासणी करावी, असे पुढे सांगितले आहे. आजचा डॉक्टरही जवळजवळ हेच सांगेल : कातडी निरोगी असेल तर घाई नाही, कातडी लाल, सुजलेली, पुवाची किंवा व्रण पडलेली असेल तर लवकर या. जेथे एवढ्या जुन्या नियमशास्त्राने माणसाला बाहेर घातले नाही, तेथे आपण सोयरिकीतून कोणाला बाद करू नये, वर्गात कोणाला टकल्या म्हणून हाक मारू नये.

थोडक्यात ध्यानात ठेवा

1. रोज 50 ते 100 केस गळणे हा रोग नव्हे.

2. गळती सुरू झाली की तीन महिन्यांपूर्वीचा ताप, बाळंतपण किंवा दुःख आठवा. सहा महिने धीर धरा.

3. स्त्रियांनी तेल घेण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासावे. थकवा व वजनवाढ असेल तर थायरॉइडही.

4. वंशपरंपरेच्या टकलावर मिनॉक्सिडिल व, पुरुषांसाठी, फिनास्टेराइड यांचा पुरावा आहे. दोन्ही चालू असेपर्यंतच काम करतात, आणि दोन्हींना दुष्परिणाम आहेत.

5. मुलाच्या डोक्यात पापुद्रे, कोणाच्याही डोक्यात पू किंवा व्रण, किंवा एकाएकी पडलेले टक्कल असेल तर घरी औषध करू नका. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. तेथून गरज पडल्यास नागपूरला मेडिकल, मेयो किंवा एम्स यांच्या त्वचारोग विभागात जाता येते.

6. गावात एकदम अनेकांचे केस जाऊ लागले तर धान्य व पाण्याचा नमुना ठेवून आरोग्य केंद्राला कळवा.

संत्र्याचे पान पिवळे पडले तर शहाणा शेतकरी पानावर रंग मारीत नाही. तो बुंध्याशी बसून माती उकरतो, मुळी कुजली आहे का पाहतो, आणि मगच दुकानात जातो. डोक्याच्या बाबतीतही एवढा शहाणपणा आपण दाखवू या. ज्या घरात बाईचे केस फार दिवस गळत असतील, तेथील पुरुषांनी या आठवड्यात तिला दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्यावे. दिवसाची मजुरी बुडेल खरी, पण तेलाच्या अनेक बाटल्यांपेक्षा तो दिवस स्वस्त पडेल.